निकाल हाती नसताना परिषदेत काय मांडावे?

या सदराकडे गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे विज्ञान शिक्षणात संशोधन करणाऱ्या पदव्युत्तर आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांची आहेत, आणि त्यांतील काळजी जवळपास एकच आहे: काम अजून चालू आहे, परिषद जवळ आली आहे, तेव्हा लोकांसमोर जावे की थांबावे? म्हणून या वेळचे सदर याच एका विषयाला दिले आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून वगळली आहेत.

प्रश्न: मी विज्ञान शिक्षण या विषयात पीएच.डी. करीत असून हे माझे तिसरे वर्ष आहे. बारा-तेरा वर्षांची मुले साध्या विद्युत परिपथाचा विचार कसा करतात, हे मुलाखतींतून समजून घेणे हा माझा विषय आहे. एकूण २४ मुलाखती ठरल्या आहेत, त्यांपैकी ९ झाल्या आणि ४ मुलाखतींचेच शब्दांकन हातात आहे. मार्गदर्शक म्हणतात की गोषवारा पाठव. पण गोषवाऱ्याच्या नमुन्यात ‘निष्कर्ष’ असा रकाना आहे आणि माझ्याजवळ निष्कर्ष नाहीत. अर्धवट काम घेऊन लोकांसमोर जाणे म्हणजे त्यांचा वेळ घेणे, असे मला वाटते. एका मुलाखतीतील काही ओळी सोबत जोडत आहे.

उत्तर: आपण जोडलेल्या ओळींपासूनच सुरुवात करते, कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यांतच आहे. एकामागोमाग एक जोडलेले दोन सारखे दिवे आणि एक सेल मुलासमोर ठेवून, कळ दाबण्यापूर्वी झालेला हा संवाद आहे.

संशोधक: यातला कोणता दिवा जास्त उजळेल?
विद्यार्थी: पहिला.
संशोधक: का बरे?
विद्यार्थी: तार तिथून सुरू होते ना. त्याने घेऊन उरलेली दुसऱ्याला मिळणार.
संशोधक: काय उरलेली?
विद्यार्थी: पॉवर... करंट. सेलमधून जे येतं ते.

या उतार्‍याच्या समासात आपण ‘विद्युतधारा खर्च होते’ असा संकेत, म्हणजे उत्तराचा प्रकार सांगणारी छोटी खूण, लिहिला आहे. आता दोन गोष्टी पाहा. पहिली म्हणजे ‘कोणता दिवा जास्त उजळेल’ या प्रश्नातच एक दिवा जास्त उजळणार हे गृहीत धरलेले आहे. दोन्ही सारखेच उजळतील असे वाटणाऱ्या मुलालाही हा प्रश्न एक दिवा निवडायला लावतो, आणि एकदा निवड केली की तिला कारण शोधून देणे त्याला भाग पडते. दुसरी गोष्ट अशी की ‘काय उरलेली’ हा आपला पुढचा प्रश्न अतिशय चांगला होता, आणि त्याला मिळालेले उत्तर आपल्या संकेतापेक्षा अधिक श्रीमंत आहे. मूल ‘पॉवर’ म्हणते, मग ‘करंट’ म्हणते, आणि शेवटी दोन्ही शब्द सोडून ‘सेलमधून जे येतं ते’ असे म्हणते. धारा आणि ऊर्जा या दोन कल्पना त्याच्या मनात अजून वेगळ्या झालेल्याच नाहीत. दिव्यात ऊर्जा खरोखरच रूपांतरित होते, त्यामुळे ‘काहीतरी घेतले जाते’ हे त्याचे म्हणणे पूर्ण चूकही नाही. ‘धारा खर्च होते’ असा संकेत लावताच ही अस्पष्टता आपण मुलाच्या वतीने मिटवून टाकता.

मी हे सहा ओळी वाचून सांगू शकले, आणि या विषयात काम केलेला सभागृहातील दुसरा कोणीही सांगू शकला असता. आपल्याजवळ अजून १५ मुलाखती शिल्लक आहेत. ‘कळ दाबल्यावर काय दिसेल असे तुला वाटते?’ असा मोकळा प्रश्न आपण उद्यापासून विचारू शकता. हीच चूक चोविसाव्या मुलाखतीनंतर कोणी दाखवली असती, तर ती ‘अभ्यासाच्या मर्यादा’ या प्रकरणात एका परिच्छेदात नोंदवण्यापलीकडे आपल्या हाती काही उरले नसते. चालू काम परिषदेत न्यायचे ते याच कारणासाठी. तेथे आपण ऐकणाऱ्यांचा वेळ घेत नाही, तर त्यांच्या वाचनाचा उपयोग अजून होऊ शकेल अशा वेळी त्यांच्याकडे जात असता.

विचारण्याच्या पद्धतीने निष्कर्ष किती बदलू शकतो, याचे एक उदाहरण आपल्या क्षेत्रात सर्वपरिचित आहे. स्टेला वोस्नियाडू आणि विल्यम ब्रूअर यांनी १९९२ मध्ये प्राथमिक शाळेतील ६० मुलांशी पृथ्वीच्या आकाराविषयी बोलून एक अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांकडून चित्रे काढून घेतली, सरळ चालत राहिले तर कुठे पोहोचाल असे विचारले, आणि उत्तरांवरून सपाट पृथ्वी, पोकळ गोल, दोन पृथ्व्या असे मुलांच्या मनातील निरनिराळे आकृतिबंध मांडले. पुढे २००१ मध्ये स्वीडनमधील शूल्ट्झ, सेल्यो आणि विंधाम यांनी अशाच विषयावर मुलांशी बोलताना समोर पृथ्वीचा गोल ठेवला, तेव्हा मुलांची उत्तरे पुष्कळच वेगळी आली. मग प्रश्न उभा राहिला की आधीचे आकृतिबंध मुलाच्या डोक्यात होते, की मुलाखतीच्या त्या विशिष्ट परिस्थितीत तयार झाले होते. हा वाद विज्ञान शिक्षणाला फार उपकारक ठरला. आपल्या संशोधनापुरता तो आपण आजच, पंधरा मुलाखती बाकी असताना, स्वतःशी आणि श्रोत्यांशी घालू शकता.

आता ‘निष्कर्ष’ या रकान्याविषयी. तेथे दोन प्रकारची वाक्ये लिहू नयेत. ‘निष्कर्ष परिषदेत मांडले जातील’ या वाक्याने समीक्षकाच्या हाती काहीच पडत नाही, आणि अशा गोषवाऱ्याला नकार मिळाला तर त्यात अन्याय झाला असे म्हणता येत नाही. दुसरा प्रकार अधिक धोक्याचा आहे. चार मुलाखतींवरून ‘बहुतांश विद्यार्थी असे मानतात’ असे लिहिले, तर पुढच्या वीस मुलाखती आपण नकळत त्या वाक्याच्या समर्थनासाठी वाचू लागता. त्याऐवजी जे झाले आहे ते जसेच्या तसे सांगावे: इतक्या मुलाखती झाल्या, इतक्यांचे शब्दांकन पूर्ण झाले, त्यांत धारा आणि ऊर्जा या शब्दांची सरमिसळ अमुक प्रकारे दिसते, आणि ही सरमिसळ संकेतनात कशी टिकवावी हा आमच्यापुढचा प्रश्न आहे. रकान्याचे शीर्षक बदलता येत नसेल, तर पहिल्या वाक्यात ‘प्राथमिक निरीक्षणे’ हे शब्द येऊ द्यावेत.

आणखी एक सांगते. दिव्यात धारा खर्च होते ही मुलांची कल्पना १९८० च्या दशकातच अनेक देशांत नोंदवली गेली आहे. केवळ तीच पुन्हा सापडली असे सांगितले, तर जाणकार श्रोता मान डोलावून गप्प बसेल. आपले वेगळेपण मुलाच्या ‘जे येतं ते’ या शब्दांत आहे. एखादी कल्पना चूक म्हणून मोजायची की दोन कल्पना वेगळ्या होण्यापूर्वीची अवस्था म्हणून पाहायची, हा प्रश्न आजही जिवंत आहे आणि त्यावर ऐकायला लोक येतील.

वेळेच्या वाटणीत बहुतेक विद्यार्थी एकाच ठिकाणी अडकतात. बारा मिनिटांपैकी सात मिनिटे पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात जातात, तीन मिनिटे पद्धतीत, आणि जे पाहायला लोक आलेले असतात ते शेवटच्या दोन मिनिटांत घाईघाईने दाखवले जाते. आपण उलटे करावे. पार्श्वभूमी दोन मिनिटांत आटोपावी आणि वरच्या सहा ओळी मोठ्या अक्षरांत पडद्यावर ठेवून त्या स्वतः वाचून दाखवाव्यात. त्या वाचून झाल्यावर थोडे थांबावे. शेवटच्या पानावर ‘धन्यवाद’ या शब्दाऐवजी आपला प्रश्न लिहावा, आणि तो नेमका असावा. ‘आपल्या सूचनांचे स्वागत आहे’ हे सौजन्य झाले, त्यातून सूचना मिळत नाहीत. ‘या उत्तराला आपण कोणता संकेत द्याल आणि का?’ असे विचारले की लोक पुढे सरकून बसतात.

विचारल्यावर मात्र वाट पाहावी. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांतील संभाषणे तपासली, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एका सेकंदाच्या आसपासच थांबतात, आणि ही वाट तीन सेकंदांपर्यंत नेली की विद्यार्थ्यांची उत्तरे लांब आणि विचारपूर्वक होतात, असे त्यांना आढळले. जे आपण इतरांच्या वर्गांविषयी वाचतो, ते स्वतः व्यासपीठावर उभे असताना आठवत नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

प्रश्न: माझा अभ्यास पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी अशा रचनेचा आहे. यंत्रशास्त्रातील बल या संकल्पनेवर पूर्वचाचणी झाली आहे. अध्यापनाचा प्रयोग सध्या चालू आहे आणि उत्तरचाचणी परिषदेनंतर तीन आठवड्यांनी होणार आहे. केवळ पूर्वचाचणीचे आकडे दाखवण्यात काही अर्थ आहे का?

उत्तर: पुष्कळ अर्थ आहे, फक्त सरासरीवर थांबू नये. बलाविषयीच्या चाचण्यांत सर्वांत जास्त वापरली गेलेली चाचणी हेस्टेनीस, वेल्स आणि स्वॅकहॅमर यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केली. तिचे मोल चुकीच्या पर्यायांत आहे, कारण ते विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष विचारांतून घडवलेले आहेत. वर फेकलेला चेंडू वर जात असताना त्यावर वरच्या दिशेने बल असते, असे किती जणांनी निवडले आणि त्यांनीच पुढच्या दुसऱ्या प्रश्नात काय निवडले, हे कोष्टक पूर्वचाचणीतूनच तयार होते. जॉन क्लेमंट यांनी १९८२ मध्ये वर उडवलेल्या नाण्याच्या प्रश्नातून हीच समजूत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांतही दाखवून दिली होती. आपल्या विद्यार्थ्यांत ती सर्व प्रश्नांत सारखीच दिसते की संदर्भ बदलला की बदलते, हे आपण आताच सांगू शकता.

दुसरे असे की पूर्वचाचणीवरून प्रयोगाचा पुढचा हिशोब ठरतो. रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये सहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या निकालांची तुलना करताना जे माप वापरले, त्यात प्रत्यक्ष झालेली वाढ ही शक्य असलेल्या वाढीने भागली जाते. शंभरपैकी पूर्वचाचणीची सरासरी ४० आणि उत्तरचाचणीची ७० असेल, तर ३० भागिले ६०, म्हणजे ०.५. पारंपरिक अध्यापनाच्या अभ्यासक्रमांत हे माप सरासरी ०.२३ आणि विद्यार्थ्यांच्या सहभागावर आधारित अभ्यासक्रमांत ०.४८ आले होते. आपल्या पूर्वचाचणीची सरासरीच ८५ असेल, तर वाढीला केवळ १५ गुणांची जागा उरते, आणि ही चाचणी आपल्या प्रयोगाचा परिणाम पकडू शकेल का, हा प्रश्न उत्तरचाचणी घेण्यापूर्वी लोकांसमोर ठेवण्याजोगा आहे.

एक पथ्य मात्र पाळावे. प्रयोग चांगला चालला आहे, मुले उत्साहात आहेत, अशी वाक्ये सादरीकरणात घालू नयेत. ती खरी असली तरी ती आपली आशा आहे, आणि लोकांसमोर एकदा बोलून दाखवलेली आशा पुढे आकडे वाचताना मध्ये येते.

प्रश्न: माझ्या अभ्यासात दोन संकेतकांनी, म्हणजे संकेत देणाऱ्यांनी, ५० उत्तरे स्वतंत्रपणे वाचली आणि ४० उत्तरांत आमचे एकमत झाले. ८० टक्के हे प्रमाण मला चांगले वाटते, पण कोणी ‘कप्पा किती’ असे विचारले तर काय सांगावे?

उत्तर: तो काढून ठेवावा, कारण हा प्रश्न हमखास येतो. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला हा गुणांक योगायोगाने होणारे एकमत वजा करतो. समजा आपले दोनच संकेत आहेत आणि दोघींनीही ५० पैकी ३५ उत्तरांना पहिला संकेत दिला. मग उत्तरे न वाचता, नुसत्या त्याच प्रमाणात संकेत वाटले असते, तरी ५८ टक्के ठिकाणी एकमत दिसले असते. ८० मधून ५८ गेले की २२ उरतात, आणि शक्य असलेला वाव ४२ चा आहे. २२ भागिले ४२ म्हणजे सुमारे ०.५२. लँडिस आणि कॉख यांच्या १९७७ च्या श्रेणीत ०.४१ ते ०.६० हे ‘मध्यम’ एकमत आहे, आणि त्या सीमारेषा काहीशा मनमानी आहेत हे त्यांनी स्वतःच नमूद केले होते. म्हणजे आपले ८० टक्के वाटते तितके भक्कम नाही, पण लाजण्यासारखेही नाही.

माझे मत असे की काम चालू असताना खरा ऐवज त्या १० मतभेदांत आहे. दोघींनी वेगवेगळे संकेत दिलेली दोन उत्तरे पडद्यावर आणावीत आणि प्रत्येकीने आपला संकेत का दिला ते सांगावे. संकेताची व्याख्या कुठे ढिली आहे हे श्रोत्यांना तिथल्या तिथे दिसते, आणि उरलेल्या उत्तरांसाठी ती घट्ट करता येते. मतभेद आपसांत चर्चेने मिटवून मग शंभर टक्के एकमत झाले असे सांगण्याची रीत काही ठिकाणी आहे. चर्चेला माझी हरकत नाही, पण चर्चेपूर्वीचा आकडाही सांगावा.

प्रश्न: मागील वर्षी एका परिषदेत मी माझे चालू काम मांडले. ११ विज्ञान शिक्षकांच्या वर्गांची निरीक्षणे आणि त्यांच्या मुलाखती असे त्याचे स्वरूप आहे. सादरीकरण संपताच एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी विचारले, ‘फक्त अकरा? यावरून काय सिद्ध होणार?’ काही जण हसले. मला उत्तर सुचले नाही आणि मी ‘पुढे संख्या वाढवेन’ असे म्हणून खाली बसले. त्यानंतर बरेच दिवस मी काम उघडून पाहिले नाही. यंदा पुन्हा जावे का?

उत्तर: जावे, आणि हेच काम घेऊन जावे. आपले पत्र वाचून मला फार वाईट वाटले, कारण अशा एका सत्राची मी अध्यक्ष होते. तेथेही अशाच एका प्रश्नावर एक विद्यार्थी गप्प झाला, आणि घड्याळाकडे पाहून मी पुढचे नाव पुकारले. ‘आपण हा प्रश्न संशोधनाच्या हेतूला धरून विचारावा’ एवढे एक वाक्य मी बोलायला हवे होते. सत्र संपल्यावर मी त्याला शोधले, तोवर तो निघून गेला होता. तेव्हापासून मी सत्राध्यक्ष असले की पहिला प्रश्न स्वतः विचारते आणि तो विद्यार्थ्याला बोलता येईल असा ठेवते.

आता प्रश्नाच्या गाभ्याकडे येऊ. ‘किती शिक्षक असे करतात’ हे सांगायचे असेल, तर ११ ही संख्या कमीच आहे आणि १११ देखील निवडीच्या पद्धतीनुसार कमी पडू शकेल. ‘एखादा शिक्षक असे का आणि कसे करतो’ हे उलगडायचे असेल, तर ११ वर्गांत पुन्हा पुन्हा बसणे हे मोठे काम आहे. ली शुल्मन यांनी १९८६ मध्ये विषयाचे ज्ञान आणि तो विषय शिकवण्याचे ज्ञान यांतील फरक मांडला, त्यावर आज शिक्षक-संशोधनाचा फार मोठा भाग उभा आहे; त्या मांडणीमागे नवशिक्या शिक्षकांच्या बारकाईने केलेल्या व्यक्ति-अभ्यासांचा हात होता. त्यांनी संख्या मोजली नाही, तर शिक्षक विषय समजून घेतो आणि मग वर्गासाठी तो कसा बदलतो, हे जवळून पाहिले.

तेव्हा पुढच्या वेळी असे उत्तर देता येईल: ‘हा अभ्यास प्रमाण सांगण्यासाठी नाही. शिक्षक प्रयोगाचे अनपेक्षित निकाल वर्गात कसे हाताळतात, याचे प्रकार शोधणे हा हेतू आहे. नवव्या शिक्षकानंतर नवा प्रकार सापडला की नाही हे मी तपासत आहे.’ यातील शेवटचे वाक्य अर्थातच खरे असेल तरच म्हणावे. आणि ‘पुढे संख्या वाढवेन’ हे वचन मागे घ्यावे, कारण पद्धत मुलाखतींची आणि वचन सर्वेक्षणाचे अशी त्यात ओढाताण होते.

तरीही एक गोष्ट आपल्याकडून तपासून पाहा. आपल्या निबंधाचे शीर्षक ‘माध्यमिक विज्ञान शिक्षकांची अध्यापन पद्धती’ असे सरसकट असेल, तर त्या प्राध्यापकांचा स्वर चुकला, प्रश्न चुकला नाही. शीर्षकात ‘अकरा शिक्षकांचा अभ्यास’ हे शब्द आले की अर्धा वाद उद्भवतच नाही.

प्रश्न: सादरीकरणात वर्गातील मुलांची छायाचित्रे आणि त्यांनी काढलेली चित्रे दाखवावीत का? शाळेची परवानगी मी घेतली आहे.

उत्तर: शाळेची परवानगी पुरेशी नाही. पालकांची लेखी संमती हवी, मुलाचा स्वतःचा होकार हवा, आणि संमतिपत्रात ‘परिषदेत दाखवणे’ हा उल्लेख स्वतंत्र हवा, कारण संशोधनासाठी दिलेली संमती ही सभागृहात दाखवण्यासाठी दिलेली संमती होत नाही. आज प्रत्येक सादरीकरणाचे फोटो समोरच्या रांगेतून घेतले जातात आणि ते कुठे जातील यावर आपले नियंत्रण नसते. संमती मिळाली असली तरी चेहऱ्याची गरज आहे का, हे स्वतःला विचारावे. बहुधा नसते. चित्रे मात्र जरूर दाखवावीत; कोपऱ्यातील नाव, हजेरी क्रमांक आणि गणवेशावरचे बोधचिन्ह काढून टाकावे. मुलांना टोपणनावे देताना त्यांनाच नाव निवडू दिले तर त्यांना आनंद होतो, हा माझा अनुभव आहे. वर्गातील ध्वनिफीत वाजवायची असेल, तर आवाजावरूनही मूल ओळखू येते हे विसरू नये.

प्रश्न: पोस्टर दिले तर ते कमी दर्जाचे मानले जाईल का? आणि अपुरे काम मांडले तर कल्पना कोणी उचलणार नाही ना?

उत्तर: चालू कामासाठी मी पोस्टरच सुचवते. तोंडी सादरीकरणात तीन मिनिटांत तीन प्रश्न येतात. पोस्टरपाशी एकच माणूस वीस मिनिटे उभा राहून आपल्या संकेत-पुस्तिकेतील एकेक ओळ वाचतो. फक्त पोस्टरवर संपूर्ण प्रबंध चिकटवू नये. एक उतारा, एक आकृती आणि एक प्रश्न ठळक दिसले पाहिजेत.

कल्पना उचलली जाण्याची भीती मी हसण्यावारी नेणार नाही, पण आपल्या क्षेत्रात वर्गात जाऊन बसण्याचे काम कोणी उचलून नेऊ शकत नाही, आणि छापील कार्यवृत्तांतातील तारीख आपल्याच बाजूने बोलते. पुढे नियतकालिकाला निबंध पाठवताना तो आधी परिषदेत मांडला होता हे संपादकांना कळवावे. संपूर्ण निबंध कार्यवृत्तांतात छापला जाणार असेल, तर त्या नियतकालिकाचे नियम आधी वाचावेत. काही ठिकाणी केवळ गोषवारा छापून घेणे अधिक सोयीचे ठरते.

प्रश्न: मी मार्गदर्शक आहे. माझ्या विद्यार्थ्यांना काम परिपक्व होण्यापूर्वी परिषदेत पाठवावे, की आधी विभागातच त्यांची तयारी पक्की करून घ्यावी? मोठ्या परिषदांत नवख्यांना सांभाळून घेतले जाते का?

उत्तर: परिषदेनुसार फरक पडतो. अमेरिकेतील नार्स्ट ही विज्ञान शिक्षण संशोधकांची संघटना १९२८ पासून काम करते आहे आणि तिच्या वार्षिक परिषदेचा पसारा मोठा असतो. तेथे नवख्या विद्यार्थ्याला कोणत्या सत्राला बसायचे हेही आधी ठरवून जावे लागते. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या युरोपातील एसेरा या संघटनेने मात्र केवळ पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी शाळेची सोय केली आहे. विद्यार्थी आपल्या चालू कामाचा सारांश आधी पाठवतात, लहान गटांतले सर्वजण एकमेकांचे सारांश वाचून येतात आणि अनुभवी संशोधक सोबत बसतात. तेथे पूर्ण झालेले काम कोणी मागत नाही. विज्ञान शिक्षणातील संशोधनासाठी होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ मध्ये सुरू केलेली एपिस्टेमी ही परिषदही आपल्या विद्यार्थ्यांनी पाहावी.

पण परिषद कोणतीही असो, माझे मत लवकर पाठवावे असेच आहे, आणि त्यासाठी एक तयारी विभागातच करून घेता येते. सराव सादरीकरणाला विज्ञान शिक्षणाशी संबंध नसलेली दोन माणसे बोलवावीत. एखादी भौतिकशास्त्राची शिक्षिका आणि एखादा भाषेचा अभ्यासक असला तर उत्तम. पहिली संकल्पनेतली चूक पकडते, दुसरा मुलाच्या शब्दाचा आपण लावलेला अर्थ तपासतो. सराव एकदाच करावा. चार वेळा घोटून घेतलेले सादरीकरण इतके गुळगुळीत होते की श्रोत्याला प्रश्न विचारायला कुठे कंगोराच सापडत नाही.

प्रत्यक्ष सत्रात आपण काय करता हे अधिक महत्त्वाचे आहे. विद्यार्थ्याला प्रश्न आला आणि तो अडखळला, की मार्गदर्शक मागच्या रांगेतून उठून उत्तर देतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. हेतू चांगला असतो. पण त्यानंतरचे सगळे प्रश्न मार्गदर्शकांकडे पाहून विचारले जातात आणि विद्यार्थी स्वतःच्या कामाच्या बाजूला उभा राहतो. आपण बसूनच राहावे, वही उघडावी, आणि कोणी काय विचारले ते शब्दशः लिहून घ्यावे. उत्तर देण्याच्या गडबडीत विद्यार्थ्याला प्रश्नाचे निम्मे शब्दही आठवत नाहीत. त्याच संध्याकाळी ती वही त्याच्या हातात द्यावी, आणि प्रत्येक प्रश्नापुढे त्याच्याकडून लिहून घ्यावे: पुढच्या मुलाखतीत यामुळे कोणता प्रश्न बदलणार, कोणता संकेत मोडून पुन्हा बांधणार, आणि कोणती सूचना विचार करून नाकारणार.